दिवेलागणीनंतर विरजण मिळणार नाही

आमच्या निशाचं, म्हणजे थोरल्या नातीचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. साल २०२३. तुळशीचं लग्न उरकल्यावर पहिल्याच मुहूर्ताला हॉल मिळाला, तोही अंबरनाथला, कारण बदलापूरचे सगळे हॉल आधीच गेले होते. माझी आई राजाबाई नव्वदीला टेकलेली. पण अक्षता टाकायला ती उभी राहिली. कुणी खुर्ची पुढे केली तर म्हणाली, "खुर्ची म्हाताऱ्यास्नी द्या." आणि पाव्हणे घरी पोचतात न पोचतात तोच न्हाणीत घसरून तिने खुब्याचं हाड मोडून घेतलं.

हॉस्पिटल बदलापुरातलंच, स्टेशनच्या पलीकडचं. ऑपरेशन चांगलं झालं. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूसच लागतं, म्हणून माझी बायको संजीवनी तिथे राहिली. मुलगा तुषार आणि सून पुण्याचे, ते येऊन-जाऊन. घरी उरलो मी एकटा. जाताना संजीवनीने, ती सासूला आत्या म्हणते, मला एकच काम सांगितलं.

"आत्यांचं विरजण तेवढं सांभाळा. रोज दूध घालायचं. बाकी काही करू नका."

'बाकी काही करू नका' हे शब्द मला लागले. मी हिंदुराव, अंबरनाथच्या कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलेला माणूस. अक्षरं मी तिशीनंतर शिकलो, ती कामगारांच्या रात्रीच्या वर्गात. गेजवरचा काटा मला कळायचा, पण शेजारी लावलेल्या पाटीवर 'धोका' लिहिलंय हे कळायचं नाही, म्हणून साहेबांनीच वर्गात धाडलं. पुढे बॉयलर अटेंडंटची परीक्षा पास झालो. वाफ, उष्णता, दाब ह्या तीन गोष्टींत मला कुणी शिकवावं असं बदलापुरात तरी कुणी नाही. आणि मला सांगतात वाटीभर दही सांभाळायला!

ह्या दह्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. मला इकडे नोकरी लागल्यावर आई गावाहून आली, तेव्हा तिने स्वच्छ फडकं दह्यात भिजवलं, सावलीत वाळवलं आणि गाठ मारून कमरेला खोचलं. इथे आल्यावर ते फडकं कोमट दुधात बुडवलं, सकाळी दही तयार. त्या दह्याचा एक चमचा दुसऱ्या दिवशीच्या दुधात, त्याचा तिसऱ्या. चाळ गेली, फ्लॅट आला, फ्रिज आला, पण ते मातीचं गाडगं आणि त्यातलं विरजण कायम. संजीवनी घरात आली, सगळ्या किल्ल्या तिच्या हाती गेल्या, गाडगं मात्र आईने सोडलं नाही. विरजण मागायला बिल्डिंगमधल्या बायका यायच्या. कुणाला द्यायचं, कधी द्यायचं, ह्याचे आईचे कडक नियम होते. मी ते कधी कान देऊन ऐकले नाहीत. मी खाणाऱ्यांतला.

तर, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तरुण माणूस, पण बोलणं जबाबदारीचं.

"आजोबा, ह्या वयात जंतुसंसर्ग होता कामा नये. आजींच्या वापरातल्या वस्तू घरून आणाल त्या नीट उकळून घ्या."

झालं. मला काम मिळालं, आणि तेही माझ्या खात्यातलं. घरी जाऊन मी आईचा पेला उकळला. वाटी, चमचा, तांब्या उकळला. पंचा उकळला. तिची जपमाळ उकळली, तेव्हा मणी जरा फुगले, पण जंतू राहिला नसेल ह्याची मी हमी देतो. मग माझी नजर गाडग्याकडे गेली. आईच्या वापरातली वस्तू म्हणजे घरात सगळ्यात आधी तीच. आणि मातीचं भांडं, त्याच्या छिद्राछिद्रात जंतू. वरून उकळतं पाणी ओतून भागणार नव्हतं. वाफच द्यायला हवी होती. मी गाडगं उचललं आणि मोठ्या कुकरमध्ये ठेवलं.

आत दही होतं. ते मला दिसत होतं. ते काढून ठेवावं असं मनात आलंही. पण जंतू भांड्यात असतील तर दह्यातही असणारच, असा मी तर्क केला. हा तर्क चुकीचा होता असं कुणी म्हणू नये. तो शंभर टक्के बरोबर होता, हे पुढे डॉक्टरांनीच सांगितलं.

शिट्ट्या चांगल्या भरपूर दिल्या. गाडगं बाहेर काढलं तर आत पिवळट पाण्यात पांढऱ्या गाठी तरंगत होत्या. थंड झाल्यावर मी त्यात दूध घातलं, झाकण ठेवलं आणि काम चोख केल्याच्या समाधानाने झोपलो. सकाळी दूध दूधच होतं. म्हटलं थंडी आहे. बदलापूरची थंडी पेपरात येते, दह्याला वेळ लागायचाच. दुसऱ्या सकाळी ते दूधही राहिलं नव्हतं. वास आला आणि मी खिडकी उघडली.

तरी मी घाबरलो नाही. दही काय, कोपऱ्यावरच्या डेअरीत मिळतं. पण त्याच दिवशी हॉस्पिटलात वेगळंच वाढून ठेवलं होतं. जंतू मारायच्या औषधांनी आईचं पोट बिघडलं होतं. तोंडाची चव गेली होती. तिने जेवण बंद केलं. खिमट नको, सूप नको, पेज नको. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ह्या वयात मला ते नको आहे. त्यांना दही द्या. दह्यात लॅक्टिक अॅसिड बॅक्टेरिया असतात."

"म्हणजे काय?"

"जंतू. जिवंत जंतू. एका चमच्यात कोट्यवधी."

"डॉक्टरसाहेब, परवा तुम्हीच जंतू मारायला सांगितले."

"ते वाईट जंतू, आजोबा. हे चांगले. दूध आंबवून दही करतात ते हेच. औषधाने दोन्ही मरतात, म्हणून चांगले परत आत पाठवायचे."

आता माणसाने ओळखायचं कसं? बॉयलरमध्ये चांगली वाफ आणि वाईट वाफ असं नसतं. मी हे बोलणार होतो, पण तेवढ्यात हॉस्पिटलचं दही आलं. प्लास्टिकच्या डबीत, वर कागदी झाकण. संजीवनीने चमचा पुढे केला. आईने जिभेला लावलं आणि तोंड फिरवलं.

"ह्यो पेपर चिकटवायचा डिंक हाय. आपलं आण. आपलं दही दिलं तर खाईन, न्हाईतर न्हाई."

संजीवनी माझ्याकडे वळली. "ऐकलंत ना? उद्या गाडग्यातलं घेऊन या."

"आणतो की," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

आई हट्टाची. ती खाईन म्हणाली तर खाणार, नाही म्हणाली तर देव आला तरी नाही. एक गाडगं वाफवून मी माझ्या आईच्या नाकात नळी घालायची वेळ आणली होती.

खालच्या मजल्यावर मधुभाऊ राहतात. विमा विकून निवृत्त झाले, पण सल्ला द्यायचं काम त्यांनी सोडलेलं नाही. त्यांना मी कुणाला न सांगायच्या अटीवर सगळं सांगितलं. त्यांनी ते ताबडतोब समोरच्या अंजनीवहिनींना सांगितलं.

मधुभाऊ म्हणाले, "एवढंच ना? हिरवी मिरची देठासकट दुधात टाका. देठावर जंतू असतात. सकाळी दही."

मी लवंगी मिरच्या आणून टाकल्या. दोन-चार जास्तच, काम जोरात व्हावं म्हणून. सकाळी दूध खरंच घट्ट झालं होतं. वास मिरचीचा, चव मिरचीची आणि रूप भिंतीला लावायच्या लांबीचं. मधुभाऊंनी चाखलं आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "सुरुवात चांगली आहे. हेच रोज बदलत न्या, आठवड्यात सुधारेल." आईकडे आठवडा नव्हता. थंडीने दही लागलं नाही असं सांगून मी संजीवनीकडून एक दिवस मागून घेतला.

अंजनीवहिनी म्हणाल्या, "मिरची कसली? चांदीचं नाणं टाकायचं. आमच्याकडे आजी टाकायची."

चांदीचं नाणं आमच्याकडे नव्हतं. पण पदक होतं. पंचवीस वर्षं बिनचूक सेवा केल्याबद्दल कारखान्याने मला चांदीचं पदक दिलं होतं, भर सभेत, हार घालून. शोकेसमध्ये मखमलीच्या डबीत असतं. मी ते उकळलं (ह्या वेळी उकळणं बरोबर होतं) आणि कोमट दुधात सोडलं. सकाळी दुधाच्या कडेने हिरवी रेघ आली होती आणि पदकाचा रंग गेलेल्या जागी तांबं चमकत होतं. मी ते पुसून पुन्हा डबीत ठेवलं, तांब्याची बाजू खाली करून. ह्या विषयावर मला जास्त बोलायचं नाही.

शेवटी जे करू नये ते केलं. डेअरीचं दही आणलं, गाडग्यात ओतलं, वरून मलई सारखी केली आणि पंच्याखाली झाकून हॉस्पिटलात नेलं. बाहेरचं खाणं आणायला मनाई होती, पण वॉचमन मोबाइलवर क्रिकेट बघत होता. आईला गाडगं दिसल्यावर तिचे डोळे उघडले. संजीवनीने चमचा भरला. आईने तो नाकाजवळ नेला, हुंगला, आणि खाली ठेवला.

"मडकं आपलं हाय. दही परक्याचं हाय."

संजीवनीने माझ्याकडे पाहिलं. चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात तिने मला खूप वेळा पाहिलंय, पण असं कधी नाही. "काय केलंत?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात हॉस्पिटलच्या आहाराचं बघणाऱ्या मॅडम आल्या. किर्ती त्यांचं नाव, एप्रनवर लिहिलेलं होतं. त्यांना टेबलावर गाडगं दिसलं. "हे कुणी आणलं? उघडं? मातीचं?" मला गाडग्यासह बाहेर काढण्यात आलं. वॉचमनला झापलं गेलं. त्याच वेळेपासून गेटवर माझी ओळख 'ते दहीवाले आजोबा' अशी झाली. वरच्या पगाराचा बॉयलर अटेंडंट मी, आणि आता दहीवाला.

जिन्यापर्यंत संजीवनी आली. तिथे मी तिला कुकरची हकीकत सांगितली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आत्यांना सांगू नका. उद्या दुपारपर्यंत काही खाल्लं नाही तर परवा नळी घालतील. कुठूनही आणा."

"कुठून आणू? विरजणच नाही."

"जन्मभर आत्यांनी वाटलं ना? कुणाकडे तरी असेल."

मी तसाच अंजनीवहिनींच्या दारात गेलो.

"वहिनी, आईने तुम्हाला विरजण दिलं होतं?"

"दिलं होतं ना! किती वर्षं लावत होते. मग ते पिशवीतलं दही मिळायला लागलं, तर सोडून दिलं." माझा चेहरा पाहून त्या पटकन म्हणाल्या, "पण माझ्या प्रगतीने लग्नानंतर नेलं होतं अंबरनाथला. थांबा, फोन लावते."

फोनवर प्रगती म्हणाली, "काका, आमच्याकडे नाही राहिलं हो. ह्यांना दूध बंद केलंय डॉक्टरनी. पण मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे ना, तिथे मालकीण आहे करिष्मा, तिच्या सासूला दिलेलं मी. ती बाई रोज लावते. थांबा, दुकानाचा पत्ता पाठवते."

मधुभाऊंनी मला थोपवलं. "उल्हासनगरला जाऊन दही आणणार? हिंदुराव, आठ-दहा वर्षांत ते दही सिंधी झालं असेल."

"दही सिंधी होत नसतं," मी म्हणालो, पण मनात पाल चुकचुकली.

गाडीने उल्हासनगर, तिथून शेअर रिक्षा. रिक्षात आम्ही तिघं आणि जीन्सचे गठ्ठे. गठ्ठ्यांनी आमच्यापेक्षा जास्त जागा घेतली होती, आणि ड्रायव्हर त्यांच्याशी आमच्यापेक्षा आदराने वागत होता. कॅम्प तीनच्या बाजारात उतरलो तर एकसारख्या गल्ल्या, एकसारखी दुकानं, आणि प्रत्येकाने मला वेगळ्या गल्लीत पाठवलं. कारखाना सापडेपर्यंत उन्हं गेली होती. खाली शिलाईच्या मशिनींचा आवाज, वर राहतं घर. करिष्मा तिशीतली, बडबडी, गळ्यात मोजायची टेप.

"अच्छा, प्रगतीवाले काका! या ना वरती. मम्मी, देखो कौन आया, अपने दही के मालिक आये हैं!"

वर गॅलरीत काचेच्या बरण्या ओळीने ठेवलेल्या, त्यात मोहरीच्या पाण्यात गाजर, फ्लॉवर आंबत होते. त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून करिष्माची सासू बसली होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची. देव्हाऱ्यात नुकताच दिवा लावलेला. मी सगळी हकीकत सांगितली, कुकर सोडून. म्हातारीने शांतपणे ऐकलं.

"दही है," ती म्हणाली. "वही है. एक दिन भी नहीं छूटा." मग तिने दिव्याकडे बोट दाखवलं. "पर अभी नहीं दूँगी. बत्ती लग गयी."

"म्हणजे?"

"बत्ती के बाद जामन घर से बाहर नहीं जाता. बरकत जाती है. सुबह आओ." जामन म्हणजे विरजण, एवढं मला कळलं.

मी हात जोडले. "माँजी, मेरी माँ बीमार है. उसने खाना छोड़ा है."

"समझती हूँ, भाई. पर नियम है. जहाँ से जामन आया, साथ में नियम भी आया. प्रगती को उसकी माँ ने बोला, उसको उस बुढ़िया ने बोला, बत्ती के बाद नहीं देना. प्रगती ने मेरे से हाथ पे हाथ रखवाया, तब दिया."

"अहो, ती बुढ़िया माझी आई आहे! हा नियम तिचाच आहे!"

म्हातारीने मला खालून वर नीट पाहिलं. "तो फिर तुमको तो पता होना चाहिए."

पन्नासेक वर्षं ज्या नियमाकडे मी कान दिला नाही, तो मला उल्हासनगरात, सिंधी घरात, हिंदीत ऐकावा लागला. करिष्मा मध्ये पडली, "मम्मी, दे दो ना, इतकं लांबून आलेत काका." म्हातारी म्हणाली, "तेरे को भेजूँ क्या इनकी माँ की गाली खाने को?" आणि मला चहा दिला, लोणच्यातलं गाजर दिलं, खाली जिन्यापर्यंत सोडायला सून पाठवली. दही मात्र दिलं नाही.

मी अपमानित होऊन परत निघालो खरा. पण रिक्षात बसल्यावर मला एक गंमत वाटू लागली. माझी आई सही करत नाही, अंगठा देते. तिचं नाव आमच्या बिल्डिंगबाहेर कुणाला माहीत नाही. आणि इथे कॅम्प तीनमध्ये तिचा शब्द असा चालत होता की तिच्या पोटच्या पोरालाही सवलत नव्हती. कारखान्यातल्या मोठ्या साहेबांचे हुकूमसुद्धा गेटबाहेर कुणी पाळत नसे.

सकाळी मी उजाडताच तिथे हजर होतो. ह्या वेळी आईच्या नियमांची जबाबदारी माझ्यावर होती. विरजणाला रिकामं भांडं पुढे करायचं नाही, असं आई दारात आलेल्या बायकांना बजावायची, ते मला रिक्षात आठवलं, म्हणून बाजारातून दुधाची पिशवी घेऊन डब्यात ओतली. म्हातारीने डब्यातलं दूध पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. "अब माँ का बेटा लगता है." तिने चमचाभर विरजण माझ्या डब्यात घातलं. मग खालून मशिनींवरच्या बायकांना हाक मारली. "अरे, ये देखो, दहीवाली अम्मा का लड़का!"

'दहीवाले आजोबा' म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. इथे मात्र मी छाती काढून उभा राहिलो. एकेक बाई बोलायला लागली. ही शहाडला नेऊन लावते. ती विठ्ठलवाडीला. एकीने आपल्या बहिणीला कल्याणला दिलंय, एकीने सासरी यूपीला, फडक्यात वाळवून. अंबरनाथच्या डोंगराखालच्या चाळीत तर सगळ्या मजल्यांवर हेच. मी एकेक नाव बोटांवर मोजत होतो. मी मारलं होतं ते फक्त एक गाडगं. आईचं दही मारायला मला ठाणे जिल्ह्यातला प्रत्येक कुकर लावावा लागला असता.

परत येताना डबा स्वेटरच्या आत, पोटाशी धरला. शेजारचा माणूस म्हणाला, "काका, पोट दुखतंय का?" मी म्हणालो, "नाही, जंतू आहेत." तो सरकून बसला आणि मला ऐसपैस जागा झाली.

घरी आणखी दूध तापवलं, आणि डब्यात घालण्याआधी ते किती कोमट झालंय हे ह्या वेळी मी बोटाने पाहिलं, अंदाजाने नाही. बोट आत ठेवून शांतपणे उभं राहता आलं पाहिजे, ओढून घ्यावंसं वाटलं तर गरम. एवढा साधा गेज. डबा निशाच्या लग्नात मिळालेल्या शालीत गुंडाळला, तांदळाच्या पिंपात ठेवला आणि पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसलो. बॉयलर सोडून जायचं नसतं. दुपारी संजीवनीचा फोन आला.

"काही खाल्लं नाही. डॉक्टर उद्या सकाळी नळीचं बघतो म्हणालेत. लागलं का?"

"लागतंय. मध्ये बोलू नकोस."

संध्याकाळी झाकण काढलं. दही असं लागलं होतं की डबा कलता केला तरी हललं नाही. वर पातळ पिवळसर साय. मी वास घेतला आणि मला एकदम आमची चाळ आठवली.

पण गेट होतंच. वॉचमनने मला लांबूनच ओळखलं. "आजोबा, आज नाही हं. माझी नोकरी जाईल." त्याने किर्ती मॅडमना बोलावलं.

"काका, समजून घ्या," त्या म्हणाल्या. "पॅकबंद वस्तूच आत जाते. त्यावर लेबल हवं. उत्पादकाचं नाव, तारीख, घटक."

"लेबल असलं की चालेल?"

"नियम तोच आहे."

मी तिथल्या बाकावर बसलो. औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणली, डब्याच्या झाकणाभोवती गुंडाळली म्हणजे पॅकबंद झालं. कागदावर माझ्या रात्रशाळेच्या, ठसठशीत अक्षरात लिहिलं: पदार्थ दही. घटक दूध आणि विरजण. उत्पादक राजाबाई, मुक्काम बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. तयार झाल्याची तारीख आजची. किती दिवस टिकेल, तर सांभाळलं तर संपत नाही.

किर्ती मॅडमनी वाचलं. "उत्पादक पेशंटच आहे?"

"तिचंच दही आहे. तुम्ही तिचं तिला देताय. बाहेरचं कुठे आहे?"

त्या ओठ दाबून डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर स्वतः खाली आले. लेबल वाचून हसले, मग गंभीर झाले आणि आईच्या केसपेपरवर लिहून दिलं, 'पेशंटला घरचं दही द्यावे.' खाली सही. वॉचमनने तो कागद दोनदा वाचला आणि मला सलाम केला. तो कागदाला होता की मला, हे मी विचारलं नाही.

आई डोळे मिटून पडली होती. गाल आत गेले होते. संजीवनीने चमचा तिच्या ओठाला लावला. आईने जीभ फिरवली. डोळे उघडले.

"आपलं हाय," ती म्हणाली. "पण घरात ऱ्हायलेलं न्हाई. कुठं जाऊन आलंय?"

संजीवनी म्हणाली, "तुमच्या मुलाला विचारा."

मी कुकरपासून सगळं सांगितलं. आईने कपाळावर हात मारला. "वाफ दिलीस? दह्याला? आरं हिंद्या, तुला बॉयलरवर कुणी ठेवला व्हता?" शेजारच्या खाटांवरच्या बायका हसल्या. आईही हसली, तिला खोकला आला, संजीवनीने पाणी दिलं. मग मी कॅम्प तीनच्या म्हातारीचं सांगितलं. बत्ती लागली म्हणून तिने मला परत पाठवलं, ते.

आई एकदम उठायला बघू लागली. "न्हाई दिलं?"

"नाही दिलं."

"शाणी बाई हाय," आई म्हणाली, आणि तोंड उघडलं. संजीवनीने चमचा भरवला.

"आणि कुणाकडं हाय म्हणालास?"

"शहाडला एका घरात."

तिने दुसरा चमचा घेतला. "आणि?"

"विठ्ठलवाडीला. कल्याणला. एकीने यूपीला नेलंय, फडक्यात."

"फडक्यात? सावलीत वाळवलं का उन्हात?"

"ते नाही विचारलं."

"इचारायचं," आई म्हणाली. मी एकेक घर सांगत गेलो, ती एकेक चमचा घेत गेली. घरं संपली तेव्हा वाटीही संपली होती. मला आणखी घरं माहीत असती तर बरं झालं असतं. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. जाताना म्हणाल्या, "काका, मला मिळेल का थोडं? घरी लावायला."

मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"सकाळी या," मी म्हणालो. "आणि भांडं रिकामं आणू नका."

आई माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, बरोबर बोललास अशी. जन्मभर सगळ्यांना सांगितलेले तिचे नियम तिने पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकले. नोकरीत मला बढती मिळाली तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

नळी लागली नाही. आई आठवड्याने घरी आली, महिन्याभरात वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागली. गाडगं मात्र तिने मला धरू दिलं नाही, ते संजीवनीकडे गेलं. मला तिने एक काम दिलं, दूध किती कोमट झालं ते बोट घालून बघायचं. मी ते रोज करत होतो. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तिने अंथरूण धरलं. जेवण कमी होत गेलं, पण दहीभात शेवटपर्यंत घेत होती.

माझी आई राजाबाई बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५ रोजी, माघ पौर्णिमेच्या सकाळी, बदलापूरला राहत्या घरी वारली.